गुडघाभर पाण्यातली फेक

प्रिय अंगद,

फोनवर आण्णा शेजारीच कान लावून बसलेले असतात, म्हणून हे पत्र. हसू नकोस. तुझ्या त्या लक्षद्वीपच्या बेटावर पोस्टमन येतो ना?

तू पाठवलेला व्हिडिओ मी चारदा पाहिला. गुडघाभर निळं पाणी, खाली पांढरी वाळू आणि तू मासे धरायला नेतोस ते पाहुणे गळाची काठी घेऊन बगळ्यासारखे उभे. मासा दिसेपर्यंत हलायचं नाही, मग लांबून दोरी टाकायची. तुझं म्हणणं, आपलं गोल जाळं, पाग, फेकण्यापेक्षा ही पद्धत हुशारीची. असेल बाबा. पण पकडलेला मासा ते परत सोडून देतात हे मी आण्णांना सांगितलेलं नाही. आपलं पोरगं कामातून गेलं म्हणतील.

आता इकडचं ऐक. दिवाळीत आण्णांचा उजवा खांदा धरला, तेव्हापासून पाग मी फेकते. गावात कुजबुज झालीच. आपल्यात बायका जाळी शिवतात, शेवगावच्या बाजारात मासे विकतात, पण पाग फेकत नाहीत. आण्णा काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “अंगद येस्तवर चाललंय हे. गुढीपाडव्याला येतोय त्यो.” मच्छीमार सोसायटीत त्यांच्या जागी तुझं नाव लावायचं ठरवून अर्जही आणून ठेवलाय. तू तिथे कायम होणार आहेस, हे कळवलंस ते फक्त मला. आता तूच बघ, मी कुठल्या तोंडाने गप्प बसायचं.

नाथसागराचं पाणी उतरलंय. बुडालेल्या शेतांवर लांबवर गुडघाभरच पाणी आहे, आणि सकाळी ते जरा तापलं की चिलापी, रोहू चरायला वर येतात. अशा जागी ओढायचं जाळं निकामी. चार माणसं मिळून चिखल ढवळतात आणि मासा केव्हाच पसार. गळ टाकून बसलं तर दिवसाला एक-दोन. पाग सगळ्यात बरा, फक्त चालता आलं पाहिजे. तुझ्या पाण्यात मासा माणसाला पाहतो, म्हणून तुम्ही लांब उभे राहता. आपल्या गढूळ पाण्यात तो पावलं ऐकतो. पाय उचलला की संपलं. चिखलातून सरकवतच न्यायचा. आण्णांना हे सुरेख येतं, पण त्यांना दम नाही. त्यांचा पाग मी दहा वर्षं शिवलाय, भोकं कायम कडेला. घाईत फेकतात, म्हणून मासा मधे न येता कडेलाच, निसटता निसटता सापडतो.

म्हणून गेल्या मंगळवारी मी दोन्ही पद्धती एकत्र केल्या. सरकत आत गेले आणि तुझ्या पाहुण्यांसारखी पाव तास नुसती उभी राहिले. काठावरून आण्णांचा आरडाओरडा, “आगं फेक की! मासं काय पाया पडाया येनार हायेत व्हय?” आले की! पायाशी पाणी थरथरलं तेव्हा फेकला, आणि पाग असा गोल पडला म्हणून सांगू! एका फेकीत सात रोहू. आण्णांनी ते मोजले, पाटीत भरले आणि म्हणाले, “अंगद आसता तर नऊ आलं आसतं.” मला रडू आलं नाही, राग आला. अजून गेलेला नाही.

ते असं का म्हणतात हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तू नववीत असताना आण्णा घरी जेवायला गेले होते. परत आले तेव्हा दोरी तुझ्या हातात होती आणि पागात अकरा किलोचा कटला. त्यांनी तुला गुलाल लावला, तो मासा घरोघर दाखवत फिरवला. फेक माझी होती, अंगद. आण्णा बांधावरून येताना दिसले म्हणून दोरी मीच घाबरून तुझ्या हातात कोंबली. तू गप्प राहिलास, मीही राहिले. त्या एका फेकीच्या भरवशावर ते आज तुला चांगली नोकरी सोडून परत ये म्हणतायत. रविवारी त्यांना फोन कर आणि खरं सांग. मी सांगितलं तर जळते म्हणतील, तुझ्या तोंडून ऐकलं तर मानतील. चार दिवस दोघांशीही बोलणार नाहीत, चालेल. पाडव्यानंतर सोसायटीची बैठक आहे आणि अर्जावर नावाची जागा अजून कोरी आहे. तिथे माझं नाव मला त्यांच्याच हाताने लिहिलेलं हवंय, डाव्या हाताने का होईना.

तुझीच ताई,
सुकन्या