उबेवर चालणारं यंत्र

सोमवार, ४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! दोन खोल्या, उन्हाची बाल्कनी आणि समोरच हॉस्पिटल. छातीतलं नवं यंत्र तिथेच बसवलं, म्हणून काही महिने त्यांच्या हाकेच्या अंतरावर राहायचं. यंत्राला बॅटरी नाही. माझ्याच अंगाची ऊब आणि हृदयाचे हादरे यांतून ते वीज गोळा करतं, अन् त्याच हृदयाला चालतं ठेवतं. मनगटावरच्या पट्ट्यात दिवा आहे. हिरवा म्हणजे पोट भरलंय, नारिंगी म्हणजे भूक लागलीय, लाल झाला तर हॉस्पिटल गाठायचं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता स्वतःच वीजकेंद्र झाले! फोनवर लेकीला सांगितलं, तर हसली नाही. जपून राहा म्हणाली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
घर खायला उठतं. दिवा सारखा नारिंगी. हॉस्पिटलातली इंजिनिअर मुलगी (लगबग अशी, की मी तिला खारूताईच म्हणते) म्हणाली, चाला, जिने चढा. चढले. गुडघे बोलायला लागले, दिवा मात्र ढिम्म. संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. माझा हात हातात घेऊन तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगत बसल्या. किती दिवसांनी कुणीतरी हात धरला! त्या उठल्या तेव्हा दिवा हिरवागार.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
आजी रोज येतात. त्या आल्या की दिवा हिरवा. हल्ली बसल्या बसल्या पेंगतात, शाल पांघरूनही कुडकुडतात. वय झालं गं, म्हणतात. खारूताईला विचारलं. यंत्र फक्त तुमच्याच अंगातून घेतं, ती ठासून म्हणाली. तपासताना तिने माझ्या छातीवर तळहात ठेवला, आणि एकदम भिंतीला टेकली. ओठ पांढरेफटक. सकाळपासून जेवले नाही, म्हणून असेल म्हणाली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
आजी गेल्या. माझ्या खुर्चीत, बोलता बोलता. माझा हात त्यांच्या मुठीतून सोडवावा लागला. बर्फ नुसता. सून रडत म्हणाली, शेवटी तुमची सोबत तरी मिळाली हो त्यांना. आणि माझं हृदय — घोड्यासारखं दौडत होतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी
कुणाला आत घेत नाही. खारूताई आजारी, अंथरुणातून उठत नाही म्हणे. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, एकटेपणाने मन असे खेळ करतं. माणसांत मिसळा.
माणसांत!

शनिवार, २३ फेब्रुवारी
नारिंगी. जिना उतरवत नाही. लेकीचा फोन — आवाज ऐकला आणि रडू फुटलं. ती निघाली. येऊ नकोस म्हटलं, तर — आईचं कधी ऐकलंय तिने?

रविवार, २४ फेब्रुवारी
लाल. श्वास पुरत नाही. ती आलीय, दार ठोठावतेय. आतून कडी घातलीय. ओरडून सांगितलं, परत जा. म्हणाली, दार उघडेपर्यंत इथेच बसणार. दाराला पाठ टेकून बसलीय —

नारिंगी झाला.

दार तर मी उघडलंच नाही! ऊठ गं, दारापासून लांब हो. थंडी वाजतेय म्हणते — झोप येतेय म्हणते —

हिरवा. बाळा, बोल ना. गप्प का झालीस, बो