कामवालीला दिलेला आवाज

आई, मी काय काम करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. मी डबिंगला लागले तेव्हा तू नव्हतीस. अंधेरीत एका इमारतीच्या तळघरात काचेची खोली आहे, तिथे माईकसमोर उभी राहून मी परदेशी सिनेमांतल्या बायकांना मराठी बोलायला लावते. पडद्यावर त्यांचे ओठ हलतात, त्यांत आपले शब्द बसवायचे. बहुतेक सिनेमे उडणाऱ्या, इमारती उचलणाऱ्या माणसांचे. जग वाचवणारे हे सगळे आमच्याकडे अगदी शुद्ध, पुस्तकातलं मराठी बोलतात. त्यांच्या घरी भांडी घासणारी, राक्षस बघून मोरीत लपणारी बाई मात्र गावाकडचं बोलते, म्हणजे लोकांना हसू येतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षं हीच बाई आली. आवाज ऐकून काम देतात म्हणतात, मला कधीकधी वाटतं आडनाव ऐकून देतात.

मग मागच्या वर्षी एक नायिका आली. काळी, तुझ्याइतकीच काळी, रुंद खांद्यांची, कुणापुढे मान न झुकवणारी. आमचा डबिंगचा दिग्दर्शक, माझ्याहून बराच लहान, म्हणाला, "ताई, ह्या वेळी हिरोईन तूच. आता सगळ्यांना जागा आहे ना." घाटकोपरला घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते. तिचा मोठा प्रसंग असा की पुलावर रणगाडे येताहेत, मागे तिची माणसं उभी आहेत आणि ती त्यांना सांगते, कुणी हलायचं नाही. ते बघताना मला मुलुंडच्या त्या औषधांच्या कारखान्याचं गेट दिसायला लागलं. तुम्हा पॅकिंगच्या बायकांना त्या सकाळी आत घेतलेलं नाही, तुम्ही गेटसमोर बसल्या आहात. मी शाळेतून तुझा डबा घेऊन आलेय. मालाचा ट्रक येऊन उभा राहतो, वॉचमन ओरडतो, बाजूला व्हा. तू उठतही नाहीस. "आपुन कामून हलायचं? ज्याला घाई हाय त्यानं हलावं." आवाज जरासुद्धा चढलेला नाही. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. नोकरी तुला परत मिळाली नाहीच. पण पुढे इतके उडणारे लोक बघितले, तुझ्याएवढं ताकदवान कुणी दिसलं नाही. आणि त्याच संध्याकाळी घरी मलाच दटावलंस, "तू शाळेत माह्यावानी बोलू नको." मी ऐकलं. शुद्ध बोलायला शिकले; पोट भरतं ते भांडीवालीच्या ठरलेल्या गावठी आवाजावर, आणि तुझं बोलणं मी कधी तिला दिलं नाही.

पण त्या पुलावर मी तुझ्यासारखं बोलले. शब्दही तुझेच घातले, ओठांत बरोबर बसले. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "झकास, ताई. काटा आला अंगावर. पण लोक हसतील ना."

"का हसतील?"

"सुपरहिरो असा नाही बोलत ना, यार."

मी परत उभी राहिले आणि म्हणाले, "कोणीही मागे हटणार नाही." सिनेमा चालला, लोकांनी कौतुक केलं. जागा तिच्या रंगाला मिळाली होती, तुझ्या बोलण्याला नाही.

तुझं बोलणं तो विसरला मात्र नव्हता. काही महिन्यांनी इथेच बनलेली एक कार्टून मालिका आली. हिरो आपल्याकडचा, गोरापान, उडणारा, आणि घरात कामवाली. "ताई, त्या दिवशी लावला होतास ना, तोच आवाज दे. वाक्यपण तेच घेतलंय." मी नाही म्हटलं असतं तर बाहेर दुसरी बसलेलीच होती. मी दिला. ती फरशी पुसते आहे, हिरोला जग वाचवायची घाई आहे, बादली वाटेत आहे, आणि ती म्हणते, ज्याला घाई हाय त्यानं हलावं. तो तिला बादलीसकट उचलून कपाटावर ठेवतो. लोक खदाखदा हसतात. आमच्या बिल्डिंगमधली मुलं मला जिन्यात अडवून ते वाक्य म्हणायला लावतात. मी म्हणते.

माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही, आई. चिडायचंही त्राण नाही. तुझा आवाज कुठल्या टेपवर नाही, फोनवर नाही, जो काही होता तो माझ्या गळ्यात होता. हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाहीच, म्हणून सांगते. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. तू मला जेवायला हाक मारायचीस, तशीच हाक तुझ्या आवाजात मारून बघितली. पहिल्यांदा ती कामवालीच बोलली. दुसऱ्यांदाही तीच. आणि मला हसू आलं.