कोरड्यावर शिकलेली बोट

७ सप्टेंबर २०२०, तिसगाव

शी! याला कॉलेज म्हणायचं? जहाजावर अधिकारी व्हायचा कोर्स सुरू झाला — आमच्याच स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मोबाईलवर! रेंज तिथंच येते ना. संस्था बंद, कोरोना. सर म्हणाले, "युनिफॉर्म कंपल्सरी." वर पांढरा कडक शर्ट, खाली घरातली सलवार. आप्पा पंक्चरच्या दुकानातून मुद्दाम वर आले, मला सॅल्यूट ठोकून गेले. लई खूश. मला मात्र आरशात बघवेना.

२२ सप्टेंबर

आज आग विझवली. म्हणजे व्हिडिओतल्या माणसानं विझवली, आम्ही बघितली. मध्येच सरांकडची लाईट गेली. आग पडद्यावर तशीच थांबून राहिली. आम्ही सगळे आपापल्या मोबाईलवर तिच्याकडे बघत बसलो. मूर्खासारखे!

२३ सप्टेंबर

शेजारच्या रंगुबाई आईला म्हणाल्या, "मोबाईलवर जहाज शिकती व्हय? मंग कांदा बी मोबाईलवरच लावा की!" आई भांडायला उठली.

१० नोव्हेंबर

परीक्षा झाली, तीही घरूनच, मोबाईलवर. माझ्याच बॅचचा गोरक्ष, कोपरगावचा — त्याचा लगेच फोन. "नंदे, पुस्तक मांडीवरच हुतं माझ्या. तू?"

"नाही."

"येडी हायस का? सगळेच करत्यात!"

आणि हसला. उद्या याच्या भरवशावर माणसं समुद्रात झोपणार. फोन ठेवला आणि साबणानं हात धुतले. कोरोनासाठी नाही.

४ डिसेंबर

गोरक्ष पहिला आला. सरांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. थू!

१४ जुलै २०२१, मुंबई

शेवटी संस्थेनं बोलावलं. प्रॅक्टिकल — जीवरक्षक बोट! जहाज बुडायला लागलं की माणसं हिच्यात बसतात, ही दोरांवरून खाली जाते, पाण्याला टेकली की हुक सोडायचा. वेळेआधी सुटला तर माणसांसकट बोट वरून कोसळते. एवढं पाठ होतं. आज हातानं करायला मिळणार म्हणून पहाटेच युनिफॉर्म घालून तयार.

आणि काय केलं? बोट भिंतीशी बांधलेली. मास्तर नाकाखाली मास्क ओढून ओरडत होते, "चढा, हुकाला हात लावा, फोटो, उतरा. नेक्स्ट!"

मी विचारलं, "सर, पाण्यात कधी उतरवायची?"

"गर्दी चालत नाही मॅडम. जहाजावर शिकाल."

"पण ती जहाज बुडतानाच उतरवायची असते ना, सर?"

मागून गोरक्षनं माझा शर्ट ओढला. "गप ना! परत यायला लागंल सगळ्यांना."

हुकाला हात लावला. फोटो छान आलाय म्हणे.

१७ जुलै, तिसगाव

आप्पांनी तो फोटो मोठा करून दुकानात लावला. टायर बदलायला आलेल्या प्रत्येकाला दाखवतायत — "माझी राजनंदिनी!" राहवलं नाही. दुकान रिकामं झाल्यावर सांगून टाकलं. बोट इंचभरसुद्धा हलली नाही, आप्पा.

ते हातातला टायर चाचपत राहिले. मग हळूच — "हे बाहेर बोलू नको पोरी. जहाजावर घेतलंच न्हाई तर?"

आप्पा! पंक्चर नीट बसलं नाही तर ट्रक जाऊ न देणारे आप्पा! रात्री मी जेवले नाही.

२ फेब्रुवारी २०२२, जहाजावर

पहिलं बोटीचं ड्रिल. चीफ ऑफिसरनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "हुक स्वतः सोडलायस कधी?" 'येस सर' अगदी ओठांवर आलेलं. "नाही सर. मी बोट पाण्यात उतरलेली बघितलीच नाही." वाटलं, पुढच्या बंदरावरून घरी. तर शेजारच्याचा हात वर गेला — मीही नाही. मग आणखी एकाचा. सगळ्यांत शेवटी थर्ड ऑफिसरचा. आणि आमची बोट उतरवायची ती त्याच्याच हुकमानं.