जिन्यावरून पडलेला मिशीवाला

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस,

आजीचे पोतंभर आशीर्वाद, वि. वि.

मला अक्षरओळख नाही, त्यामुळे बोलणारी मी आणि लिहिणारी तुझी आई. तू शिंपीकाम सोडून सिनेमात पडायला गेलीस तेव्हापासून ती तुला स्वतःहून एक ओळ लिहीत नाही. पण सासूनं सांगितलेलं तिला टाळता येत नाही, तेव्हा मी बोलेन ते निमूट उतरवावं लागतंय, आणि मला फार मजा येते आहे. बसली आहे ओठ दाबून, जणू तोंडात टाचण्या धरल्यात.

तुझं पत्र तिनंच वाचून दाखवलं. तुमच्या मारामारीच्या मास्तरांनी तुला चौथ्या मजल्यावरून उडी मारायचं मोठं काम देऊ केलंय, आणि आई हो म्हणाल्याशिवाय तू हो म्हणणार नाहीस. हे तिनं विजेचं बिल वाचावं तसं वाचलं. काय कळवू विचारलं, तर म्हणते तुम्ही तुमचं सांगा.

म्हटलं, आधी पोरीचं काम बघू, मग भांडू. गेलो तुझा सिनेमा बघायला. तुझे सिनेमे बघणार नाही म्हणणारी ही बाई, सासूला पायऱ्यांवर आधार हवा या सबबीवर आली. मीही तिची सोय म्हणून गुडघा धरून चालले. माझा लेक, म्हणजे तुझा बाप, खुर्चीत टेकला तो घोरायलाच लागला.

काय सांगू, बाई, मारामारी नितळ होती. हल्ली सिनेमात कांदा चिरल्यासारखी चित्रं कापतात, कोण कुणाला मारतंय पत्ता लागत नाही. इथं कुणी कुणाला कुठं हाणलं ते माझ्या मोतीबिंदूलासुद्धा दिसलं. पडणारा पडला की जमिनीचा आवाज माझ्या टाचेत येत होता. हिरो तेवढा कच्चा. दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो, आणि शंभर माणसं लोळवून भांग जागच्या जागी. लाल झग्यातली तू या गच्चीवरून त्या गच्चीवर उडालीस तेव्हा मी उभी राहून मागच्या रांगेला सांगितलं, ही माझी नात. एका गृहस्थांनी मला पॉपकॉर्न दिलं. तुझ्या आईनं जांभई दिली.

मग एक मिशीवाला गुंड जिन्यावरून गडगडत आला, आणि हिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. अख्ख्या सिनेमात हिला कळवळा आला तो एका भाडोत्री मवाल्याचा. इथं तिनं पेन खाली ठेवलंय. बरं, उचललं.

शेवटी नावं आली, ती त्या पॉपकॉर्नवाल्या गृहस्थांनी मला वाचून दाखवली. हिरोचे केस विंचरणारा आधी, त्याला सरबत देणारा मधे, आणि हाडं मोडून घेणारे तुम्ही सगळ्यांच्या खाली, मुंग्यांएवढे. तोवर दिवे लागून झाडूवाली आली होती. मला निघायचं होतं, पण तुझी आई उठेना. पायाला मुंग्या आल्या म्हणाली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी

११ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

आजी, लाल झग्यातली मी नव्हते गं. तो आमच्यातला एक दादा. हिरॉईन उंच, तिच्या मापाचा तोच एक निघाला. बाई होण्यासाठी त्यानं पोटऱ्या भादरल्या आणि बुवा होण्यासाठी मी मिशी चिकटवली. जिन्यावरून पडला तो गुंड मी.

तुला आधी कळवलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? चेहरा दिसतच नाही. आमच्या खोलीतल्या मुलींनाही मी ओळखू आले नाही. पण ते पडणं मला फार आवडतं. प्रत्येक पायरी हाडावर न घेता मांसावर घ्यायची, दंड, कुल्ला, पाठ, आणि बघणाऱ्याला वाटायला हवं की हा मेलाच. मास्तर सहसा कौतुक करत नाहीत, त्या दिवशी नुसते मान हलवून चहा प्यायला गेले.

एक विचारू? आईनं तुझा हात खरंच तेव्हाच आवळला?

मास्तरांना महिनाअखेरीला उत्तर हवंय. आई नाही म्हणाली तर मी जिन्यांवरच राहीन, तक्रार करणार नाही. पण ती गप्पच राहिली तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दोघींची,
भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस,

आजीचे आशीर्वाद, थोडे चिडून, वि. वि.

मी गल्लीभर सांगत सुटले होते की नातीच्या पोटऱ्या काय घोटीव आहेत. आता कुठल्या तोंडानं बाहेर पडू?

तुझं पत्र वाचताना तुझी आई मिशीपाशी अडखळली नाही, तिथंच मी तिला पकडलं. तुला ठाऊक होतं का, असं सरळ विचारलं. तर फणकारली, म्हणते, तिचा उजवा खांदा जन्माचा उतरता, झबल्यापासून त्या खांद्याखाली मी जास्तीचं कापड घालत आले, एक मिशी लावली म्हणून तो खांदा मला परका होणार का? एवढं बोलून माझ्याकडे पाठ केली. सासूला दोन आठवडे भलत्या माणसाचं कौतुक करू दिलं या बयेनं.

मग मी म्हटलं, तू शंभर जणांत लेकीचा खांदा ओळखतेस आणि तिला एक शब्द देत नाहीस, तुझ्यापेक्षा तो हिरो बरा, निदान धापा तरी खऱ्या टाकतो. हेसुद्धा तिनं लिहिलंय ना, बघ.

आता मी थांबते. कारण मी बोलायची थांबले तरी हिचं पेन चालूच राहणार असं दिसतंय. काय लिहील ते मला वाचता यायचं नाही, तेव्हा उलट टपाली कळव. जीव लावून आहे, तूही लाव.

तुझी,
आजी

भिंगरी,

पडताना तुझ्या शर्टाच्या आतला पॅड कोपराखाली सरकला होता. ज्यानं शिवला त्यानं एकेरी टाका घातलाय. असल्या शिवणीवर चौथ्या मजल्यावरून कुणी उडी मारत नाही.

मास्तरांना हो सांग. उडीचे कपडे मी शिवीन. मापं तिकडं कुणाकडून घेऊ नकोस, टेप घेऊन मी येते. मापं घेताना सगळं अंग दिसतं, तेव्हा कुठं कुठं लागलंय ते आधीच खरं कळव.

आई