पाठकोऱ्या कागदांवरची नाईल

धायरी, पुणे ४१
२० ऑगस्ट २००६

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. नोकरी सोडून इतिहासाचं अर्धवट राहिलेलं एम. ए. पुरं करू का, हे तू विचारलंस त्याला पंधरा दिवस झाले. तेव्हा मी ‘बाबांना विचारते’ म्हणून फोन ठेवला आणि मागच्या रविवारीही मी पुन्हा तेच म्हणाले. मला फोनवर सुचत नाही. मिनिटं मोजून बोलायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल. जेवणाच्या सुट्टीत वाच, मीटिंगमध्ये नको.

आधी घरचं. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. प्रज्ञेशला कंपनीने हिंजवडीला पाठवलंय, सकाळी सात वाजता बससाठी उभा असतो आणि परत येईतो त्याचं तोंड वाळून जातं. तुझ्या विचाराबद्दल त्याला कळलं तेव्हा म्हणाला, “ताई दगड मोजायला चालली वाटतं.” मी म्हटलं, तू तरी काय मोजतोस, ते एकदा मला समजावून सांग. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. वेणूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून यंदा वाचायला मला बसवलंय. मॅट्रिकनंतर एवढं मोठ्याने मी कधी वाचलं नव्हतं. पहिले चार दिवस घसा बसला, आता जमतं.

तुला ठाऊक आहे, मी हिशेबाला कधी वही विकत आणत नाही. पाठकोरे कागद दाभणाने शिवते. तू बंगलोरला गेलीस तेव्हा तुझ्या नोट्सचा गठ्ठा माळ्यावर होता. कागद जाड, मागची बाजू कोरी करकरीत. रद्दीत घालवेना, म्हणून त्याच्या वह्या शिवल्या. पाच वर्षं त्यांवर दूध, किराणा, गॅस लिहिला, पण पानाची पुढची बाजू कधी वाचली नाही. आपल्याला त्यातलं काय कळणार, अशी समजूत. तुझा फोन आल्यावर मात्र एका दुपारी पान उलटलं. एका बाजूला माझं तेल-साबण, दुसऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात नाईल. मग सगळ्या वह्या काढल्या आणि आठ दुपारी वाचत बसले. प्रज्ञेश विचारतो, परीक्षा कधी आहे.

कळायला वाटलं तेवढं अवघड नव्हतं. नाईलकाठच्या त्या जुन्या लोकांकडे पाऊस जवळजवळ नाहीच. भर उन्हाळ्यात, आकाश कोरडं ठणठणीत असताना नदी फुगते, कारण पाऊस पडलेला असतो लांबच्या डोंगरांत. हे पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे डेक्कनला ऊन असतं आणि धरणातून पाणी सोडलं म्हणून भिडे पूल पाण्याखाली असतो. पण आपण नुसतं कठड्यावरून बघतो आणि घरी येतो. त्यांचं सगळं वर्षच त्या पाण्याने आखून दिलेलं. चार महिने पूर, चार महिने पेरणी आणि पीक, चार महिने कापणी आणि कोरड. पूर ओसरला की काळा गाळ मागे राहतो, त्यात बी टाकायचं आणि वरून जनावरं फिरवायची. काळी जमीन तेवढा आपला देश, पलीकडची तांबडी वाळू परकी. शेतांच्या खुणा वाहून जात म्हणून दरवर्षी दोऱ्या ताणून जमीन पुन्हा मोजायची. प्रवाहाबरोबर उत्तरेला जायचं, परत येताना वाऱ्यावर शीड सोडायचं, म्हणून एवढा लांबोडा देश एका राजाला सांभाळता आला. हे मी दोनदा वाचलं. नदीच रस्ता, मग रस्त्याचं टेंडर नको.

राजा म्हणायचा, पूर माझ्यामुळे येतो. ते वाचून मला आपला भैरू आठवला. पाणी सोडायची चावी त्याच्याकडे असते, तर सकाळी साडेपाचला आख्खी गल्ली त्याच्या सायकलीकडे बघत असते. अंघोळ, भांडी, डबे, भांडणं, सगळं त्या एका तासाच्या मागे-पुढे. शेजारची वासंती त्याला “भैरूदादा” म्हणते आणि चहा देते. सख्ख्या दिराला तिने कधी एवढ्या मानाने हाक मारलेली नाही. पाणी धरणातलं, पाऊस घाटातला आणि मान भैरूला. तीन दिवस नळ आला नाही तेव्हा तीच वासंती त्याला काय काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिकडेही पूर दोन-तीन वर्षं नीट आला नाही की राजाचं आसन हलायचं, असं तू लिहिलंयस. मला ते लगेच पटलं.

मी अडले ती पायऱ्यांच्या पानावर. नदीकाठी दगडात पायऱ्या खोदलेल्या, आणि किती पायऱ्या बुडाल्या ते मोजणारी माणसं नेमलेली. त्यावरून यंदा पिकेल किती आणि सारा घ्यायचा किती ते ठरायचं. पाणी कमी आलं तर उपासमार, फार आलं तर गावं वाहून जायची. तिथे समासात तू तांबड्या शाईने लिहिलंयस, राजांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, या मोजणाऱ्यांची नावं काय होती? त्यांच्या घरी काय शिजायचं? हे मला शोधायचं आहे. त्याच्या पुढच्या पानावर दोन ओळी आहेत, तिसरी अर्ध्यात थांबली आहे. तारीख आहे ११ सप्टेंबर २०००. त्यापुढची पानं दोन्ही बाजूंनी कोरी होती. मी दोन्ही बाजूंनी हिशेब लिहिला.

ते वर्ष तुला सांगायला नको. बाबांच्या कंपनीने त्यांच्या खात्यातल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. नावाची स्वेच्छा. प्रज्ञेशची बारावी होती. आमच्या आजूबाजूला जो तो मुलांना कॉम्प्युटरच्या कोर्सला घालत होता. तूही वर्ष सोडून कोर्स केलास, वर्षात नोकरीला लागलीस, आणि तुझ्यामुळे हे घर उभं राहिलं. ते मी नाकारणार नाही. पण कमी पाण्याच्या वर्षी राखून ठेवलेलं बियाणं खाल्लं तर घर त्या वर्षी जगतं, आणि पेरायचं राहतं ते राहतंच. आता प्रज्ञेश कमावता आहे, आम्हा दोघांना फार लागत नाही. तेव्हा माझं उत्तर असं आहे की तू सोड नोकरी आणि पुरं कर. अठ्ठाविसावं वय शिकायला जास्त नाही. लग्नाचं कोणी विचारलं तर माझं नाव सांग.

एवढं सांगायला फोन पुरला असता. लिहावं लागलं ते पुढच्यासाठी. सहा वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं होतं, “बाबा म्हणतात, एम. ए. सोड.” बाबा तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, मी कुठेही वॉचमनकी करीन पण तिचं शिक्षण थांबवू नको. थांबवायचं मी ठरवलं. तू माझ्याशी वाद घालशील, बाबांच्या शब्दापुढे घालणार नाहीस, हे मला माहीत होतं. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि ते राहिले. सहा वर्षं तू त्यांच्याशी गोळ्या आणि गुडघा यापलीकडे बोलली नाहीस आणि तुझा फोन अर्ध्या मिनिटात माझ्या हातात देऊन ते गॅलरीत जाऊन उभे राहतात, ते मी बघत आले. खोटं बोलणार नाही, असं शील दर रविवारी घेतेच आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी ‘बाबांना विचारते’ म्हणाले, तेव्हाही त्यांना विचारलं नव्हतंच. सवयीने तोंडातून गेलं, आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच ऐकू आलं. हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी विहारात असेन, ते घरी एकटे असतील. रागावायचं तर खुशाल रागाव, फक्त राग आता योग्य पत्त्यावर पाठव.

तुझीच,
आई