बाहीवरचे नाव

मी, बुर्कार्ड श्टुम्फ, वय अठ्ठावन्न, धंदा लोहारकाम, राहणार ओबर्नहोल्त्स, फ्रँकोनिया, जर्मनी, डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल सांगितले ते ऐकूनही डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, भट्टी आणि सर्व हत्यारे माझी मुलगी वाल्बुर्गा हिला. ऐरण विकायचीच झाली तर शेजारच्या हाइंडलला विकू नये. त्याने १९७४ साली नेलेली माझी शिडी तो आजही स्वतःची म्हणून सांगतो.

२. चिलखत मी स्वतः ठोकून घडवले आहे. गावाच्या उन्हाळी नाटकात मी बावीस वर्षे फ्लोरियान गायर झालो. १५२५ साली आपल्या वर्गाकडे पाठ फिरवून बंडखोर शेतकऱ्यांसाठी लढला आणि मारला गेला, तो सरदार. त्याची गोष्ट मला बाबांनी सांगितली. बाबा महायुद्धातून परतले नाहीत. तिथे ते घोडे सांभाळत, एवढेच मला माहीत होते.

३. गेल्या मार्चमध्ये थोरली बहीण कुनिगुंडे हिचे छत गळू लागले, म्हणून मी तिची पेटी माळ्यावरून उतरवली. पेटीचे बूड निसटले. आत बाबांचे आईला आलेले पत्र होते आणि गणवेशाच्या बाहीवरची काळी पट्टी. पट्टीवर चंदेरी धाग्याने विणले होते: फ्लोरियान गायर. नाझींच्या एसएस घोडदळाने आपल्या एका तुकडीला हे नाव दिले होते. पत्रात लिहिले होते, की परमुलखातल्या एका खेड्यात शेतकऱ्यांना कोठारात कोंडून कोठार पेटवले. बाहेरून अडसर बाबांनी घातला. पुढच्याच ओळीत माझा दात पडला का, ही चौकशी.

मी पत्र कुनिगुंडेपुढे धरले.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"होतं."

"आणि मी बावीस वर्षं ते नाव लावून घोड्यावर बसलो."

"छान दिसायचास रे," ती म्हणाली आणि फडक्याने पेटी पुसू लागली.

४. घोडेस्वारीचे बूट चुलतभाऊ वेंडेलिनला. पूर्व जर्मनीत तो सीमेवर पहारा करी, आपलीच माणसे पळून जाऊ नयेत म्हणून. पट्टी पाहून तो पांढराफटक पडला. त्याच्या पलटणीलाही हेच नाव होते. शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून ते दिले, असे त्यांना शिकवले होते.

५. चिलखत नाटक मंडळाला, एका अटीवर: त्याच काचेच्या कपाटात पट्टी आणि पत्र ठेवावे आणि दरवर्षी पहिल्या प्रयोगाआधी पत्र पूर्ण वाचावे. मंडळाचे अध्यक्ष ड्युरनागल समजूत घालायला आले होते. म्हणाले, "कशाला गावाला भाजतोस, बुर्कार्ड?" मी म्हटले, "भाजलेलं गाव दुसऱ्यांचं होतं." अट अमान्य झाल्यास वाल्बुर्गाने चिलखत वितळवावे.

६. कुनिगुंडेला मी काहीही ठेवत नाही. हा राग नव्हे. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला तिची साक्ष हवी आहे.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे.

(सही) बुर्कार्ड श्टुम्फ
ओबर्नहोल्त्स, ९ सप्टेंबर १९९३

साक्षीदार:
१. आन्सगार फ्लुर्शुत्स, पाद्री
२. कुनिगुंडे श्टुम्फ. आईला वाचता येत नव्हते. पत्र मी वाचून दाखवले, बारा वर्षांची होते. कोठाराची ओळ मी गाळली. आई दाताचे ऐकून हसली.
(सही)