ब्लॅकआउटचा रिकामा कोपरा

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. '१९७१ : नागपूरकरांचं युद्ध' या प्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे आली. सगळ्या थरांतली माणसं घ्यायची. महाल भागातले दुकानदार, खापा गावचे विणकर, रेल्वेवाले. ऐकून घेणं ही माझी खासियत. अर्जात तसं लिहिलंही होतं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
आईनं पुन्हा कणकेची खळ शिजवून हॉलच्या काचांना पेपर चिकटवले. वय अठ्ठ्याहत्तर, हल्ली काय सुचेल, नेम नाही. बेसा भागातला नवाकोरा फ्लॅट! खरवडून काढले. आवाज चढला. उद्यापासून शांतपणे बोलायचं.

१४ नोव्हेंबर
महालात एक दुकानदार भेटले. युद्ध सोडून साखरेच्या भावावर बोलले. खाप्याच्या तुळसाबाईंनी चहा पाजला, म्हणाल्या, मले काही आठवत नाही गा. लोकांत उत्साहच नाही. ब्लॅकआउटचा कोपरा अजून रिकामा. जिवंत साक्षीदार हवा.

१८ नोव्हेंबर
पुन्हा पेपर. त्यात माझा प्रदर्शनाचा नकाशाही! आई म्हणाली, उजेड बाहेर दिसून राहिला, वॉर्डन येईल. सोसायटीच्या वॉचमनला वॉर्डन म्हणते. हिमानी म्हणाली, आईंनाच विचार ना ब्लॅकआउटचं. बायकोला प्रदर्शनातलं काय कळतं? घरचंच माणूस घेतलं तर वशिला दिसतो. पेपर बंद केला, कणकेचा डबा वर ठेवला. प्रश्न सुटला.

२४ नोव्हेंबर
संध्याकाळी आईनं सगळे दिवे घालवले. जवळ येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, रडू नको बाबू, बाबा गाडी घेऊन येऊन राहिले. मला भीती वाटली. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

२८ नोव्हेंबर
काचा स्वच्छ. आई दुपारीसुद्धा झोपते. कामाला वेग!

३ डिसेंबर
उद्घाटन. कोपऱ्यात काळा पडदा टांगला, 'प्रतीकात्मक' अशी पाटी लावली. अजनीचे देवराव भेटले. बाबांबरोबर इंजिनवर असायचे. म्हणाले, यमुताईचा पोरगा ना तू? आमी मिलिट्रीची गाडी घेऊन जाऊ, अन् तुयी माय काचांले पेपर लावून, तुले मांडीवर घेऊन अंधारात बसे. तू रडला का तोंड दाबे. तिले नाही आणलं काहून?
पुढे पाहुण्यांचं भाषण मी ऐकलंच नाही.

४ डिसेंबर
गोळी अर्धी केली. रेकॉर्डर लावला. खळ मीच शिजवली, पेपरसकट आईपुढे ठेवली. म्हटलं, आई, लाव. जिथं लावायचे तिथं लाव.
तिनं बोट बुडवून चाखलं. म्हणाली, मीठ नाही टाकलं काय?